सुट्टे

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं
मी नोटांवरचे आकडे तपासले.
शाई फुटलीय का, तीन बुजून आठ झालाय का,
एखादं शून्य ओळीतून घसरलंय का.
पहिल्या महिन्यात वाटायचं, अबब, केवढा पैसा.
मग तो नुसता कागद,
मे महिन्यात बोटांना चिकटणारा.

एलिया साळवे माझ्या शेजारच्या टेबलावर.
शरणपूरचा. बी.एस्सी.चं गणित अर्ध्यात सोडलेला,
डब्यातल्या पोळीचेही समान तुकडे करणारा.
मालिका सरत आली होती. शेवटच्या शंभरीत
त्यानं एका नोटेकडे, न शिवता, बोट दाखवलं:
नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी.
म्हणाला, ही मूळ संख्या. सहा आकड्यांतली शेवटची.
हिच्यापुढच्या, दहा लाखांपर्यंत, सगळ्या फुटतात.

मूळ म्हटल्यावर मला आठवली
मूळ नक्षत्रावरची माझी बहीण कुमुद,
चार स्थळं पत्रिका बघून परत गेलेली.
कुठल्या पाढ्यात बसत नाही ती, एलिया सांगत होता,
एकाच्या आणि स्वतःच्या सोडून.
मी म्हटलं, कशावरून?
तो म्हणाला, भागून बघा.
हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे,
एकशे अडुसष्ट आहेत.
दोन भाजकांतला एक तरी हजाराच्या आत सापडणारच,
दोघंही हजाराबाहेर गेले तर गुणाकार दहा लाखांवर जातो.

जेल रोडच्या खोलीत, दुधाच्या हिशेबाची वही मागून उघडून
मी भागायला बसले.
सातनं, बाकी पाच.
अकरानं सहा.
तेरानं दहा. सतरानं नऊ.
कुकरची शिट्टी चुकायची, वरण लागायचं.
नवरा दारातून विचारायचा, भागतंय का?
मी म्हणायची, नाही भागत.
त्याला वाटायचं पगाराचं बोलतेय. गप्प व्हायचा,
आणि एकदा तर त्यानं न सांगता सिगारेट सोडली.

पावणेदोन महिने.
सगळ्यात शेवटी नऊशे सत्त्याण्णव.
त्याची एक हजार तीन पट व्हायला
आठ कमी पडले.
आठच.
वही मिटली तेव्हा दूधवाला जिन्यात होता.

भोंगा झाला की फाटकावर झडती.
डबा उघडा, पदर झटका, चपला उलट्या करा.
सत्तावीस वर्षांत टाचणी बाहेर नेली नाही,
हा आकडा मात्र रोज नेला,
कुणाच्या हाताला लागला नाही.

एलिया गेला, त्याला सहा वर्षं झाली.
परवा देवी चौकात मेथी घेतली,
दोनशेच्या नोटेतून शंभराची परत आली.
हळद लागलेली, कडेला टिकलीएवढं भोक.
सवयीनं आकडा वाचला.
चष्मा काढला, पदरानं पुसला, परत वाचला.
अक्षरं वेगळी होती, म्हणजे तीच नव्हे.
दर मालिकेत अशी एक निघतेच.
पण मला कधी मिळाली नव्हती.

घरापाशी रिक्षावाला म्हणाला,
मावशी, तीस झाले, सुट्टे नाहीत का?
पाकिटात तेवढीच होती.
द्या, मोडून आणतो, म्हणाला.
मला एवढं हसू आलं
की तो वळून बघायला लागला.
मोड बाबा, म्हटलं. बघ मोडते का.

पानाच्या टपरीवरून आणली मोडून:
एक पन्नासची, एक वीसची, तीन दहाच्या.
दहाच्या त्याला दिल्या. गेला तो.
पन्नासची सम होती, लगेच फुटली.
वीसच्या नोटेच्या शेवटी सात.
तीननं जात नाही. सातनंही नाही.
मेथीची जुडी काखेत, किल्ली हातात,
दिवा लागायचा होता जिन्यातला,
अकरानंही जाईना.
तेरा...